लाइव्ह करताना आवाज फाटतो का? ऑडिओ लेव्हल कशी बघायची, समजून घ्या

२२ ऑगस्ट २०२०, गणेश चतुर्थी. लॉकडाऊनचं वर्ष. सार्वजनिक मंडळांच्या मूर्तीला चार फुटांची मर्यादा होती आणि लालबागच्या राजाच्या मंडळाने तर त्या वर्षी मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला. लालबागमधल्या आमच्या चाळीने छोटी मूर्ती आणून दीड दिवसाचा गणपती ठेवला. आरतीला खाली मोजून पाच माणसं, बाकीचे आपापल्या दारात आणि गॅलरीत. आणि जे चाळ सोडून डोंबिवली, बदलापूर, विरारला गेलेत त्यांच्यासाठी यूट्यूबवर लाइव्ह. हे काम माझ्याकडे आलं, कारण मी नुकतीच इंजिनीअर झाले होते आणि चाळीच्या हिशेबात सॉफ्टवेअरवालीला सगळंच येतं.

आरती संपली आणि बदलापूरहून एका काकांचा फोन आला. चाळीत राहायचे तेव्हा कित्येक वर्षं आरतीची सुरुवात त्यांच्याच आवाजात व्हायची.

"अगं, बाप्पा छान दिसला. पण आरती नाही ऐकू आली. नुसतं खर्र खर्र. शेवटी मी आवाज बंद केला आणि घरातच म्हटली."

मला पटेचना. पूर्ण आरतीभर मी हेडफोन लावून बसले होते आणि माझ्या कानात सगळं स्वच्छ होतं. मग बिघडलं कुठे? त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी जे शिकले, ते या लेखात आहे. तुम्ही गेमिंग स्ट्रीम करत असाल, मित्रांबरोबर पॉडकास्ट सुरू करणार असाल किंवा माझ्यासारखं मंडळाने तुम्हाला लॅपटॉपसमोर बसवलं असेल, तर हे आधी वाचा. व्हिडिओ थोडा अंधारा असला तरी लोक बघतात. आवाज फाटला की दहा सेकंदांत निघून जातात.

आधी आवाजाचा प्रवास समजून घ्या

आपल्याला वाटतं माइकमध्ये बोललं की थेट समोरच्याच्या फोनवर ऐकू येतं. प्रत्यक्षात मध्ये बरेच थांबे आहेत. माइक, मिक्सर किंवा ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉपचं इनपुट, ओबीएससारखं सॉफ्टवेअर, यूट्यूब आणि शेवटी ऐकणाऱ्याचा फोन.

लोकल ट्रेनचा नियम इथेही लागू आहे. दादरला गाडी रखडली तर परळ, करी रोड, चिंचपोकळी सगळीकडे ती उशिराच येणार. पुढच्या स्टेशनवरचा माणूस काही करू शकत नाही. तसंच आवाज एखाद्या थांब्यावर फाटला, की पुढच्या कुठल्याही थांब्यावर तो दुरुस्त होत नाही. फार तर फाटलेला आवाज हळू करता येतो.

माझा हेडफोन मिक्सरला लावलेला होता, म्हणजे दुसऱ्या थांब्यावर. बिघाड तिसऱ्या थांब्यावर होता. मी दादरला उभी राहून "गाडी वेळेवर आहे" म्हणत होते आणि गाडी परळला अडकली होती.

शून्य म्हणजे छत

कम्प्युटर आवाजाला आकड्यांत बदलतो. साधारण एका सेकंदाला ४८,००० वेळा आवाजाची उंची मोजली जाते आणि प्रत्येक वेळी एक आकडा लिहिला जातो. १६-बिट ऑडिओमध्ये हा आकडा जास्तीत जास्त ३२,७६७ असू शकतो. त्याच्या वर जागाच नाही.

या सगळ्यात वरच्या जागेला शून्य डेसिबल म्हणतात. पूर्ण नाव डीबीएफएस, म्हणजे 'फुल स्केल'च्या तुलनेत किती. म्हणून कम्प्युटरवरचे सगळे आकडे शून्याच्या खाली, उणे असतात. −६ म्हणजे छताच्या निम्म्या उंचीवर. −१२ म्हणजे त्याच्याही निम्म्यावर. दर ६ डीबीला आवाजाच्या लहरीची उंची निम्मी किंवा दुप्पट होते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता आवाज त्या छताच्याही वर गेला तर काय होतं? कम्प्युटर लहरीचा वरचा भाग सरळ कापून टाकतो. गोल टेकडीचा सपाट ओटा होतो. यालाच क्लिपिंग म्हणतात. त्या कापलेल्या कडांमुळे मूळ आवाजात नसलेले कर्कश सूर तयार होतात आणि आपल्याला खर्र खर्र ऐकू येतं.

परळ-लालबागच्या कारखान्यांतून मोठ्या मूर्ती बाहेर पडताना तुम्ही पाहिल्या असतील. मंडळाची मुलं रस्त्यावरच्या वायरी आणि झाडांच्या फांद्या किती उंचीवर आहेत हे आधीच बघून ठेवतात. मुकुट वायरीला टेकल्यावर "आता काय करायचं" असा विचार करून चालत नाही. मुकुट आणि वायर यांच्यामध्ये मोकळी जागा हवीच. ऑडिओमध्ये या मोकळ्या जागेला हेडरूम म्हणतात. लेव्हल बघणं म्हणजे मुळात एवढंच: आपला मुकुट वायरीपासून किती खाली आहे ते बघत राहणं.

ओबीएसचा मीटर कसा वाचायचा?

ओबीएस हे लाइव्ह करण्यासाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं मोफत सॉफ्टवेअर. त्यात खाली 'ऑडिओ मिक्सर' नावाची खिडकी असते. तिथे प्रत्येक माइकचा एक रंगीत बार हलत असतो. त्याचे तीन भाग आहेत.

• हिरवा: −२० डीबीच्या खाली. शांत आवाज, पार्श्वभूमीचं संगीत.
• पिवळा: −२० ते −९. बोलण्याचा आवाज इथे नाचायला हवा.
• लाल: −९ ते ०. अधूनमधून शिवला तर चालेल, मुक्काम नको.

बरेच जण लाल दिसला की घाबरतात किंवा उलट "सगळं हिरवं आहे, छान" म्हणून निवांत होतात. दोन्ही चूक. बोलताना बार कायम हिरव्यातच राहिला तर आवाज फार हळू जातोय. ऐकणारा फोनचा व्हॉल्यूम पूर्ण वाढवेल, मग त्याला तुमच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर आणि शेजारच्या कुकरची शिट्टीही ऐकू येईल.

मीटरवर अजून दोन गोष्टी बघा. एक बारीक उभी रेघ असते, ती बार खाली आला तरी काही वेळ वर थांबून राहते. गेल्या काही सेकंदांतला सगळ्यात मोठा आवाज कुठपर्यंत गेला होता ते ती सांगते. तुम्ही सतत स्क्रीनकडे बघू शकत नाही, म्हणून ही रेघ कामाची. दुसरी गोष्ट म्हणजे बारच्या सुरुवातीचा छोटा चौकोन. तो फेडरच्या आधीचा, म्हणजे ओबीएसमध्ये येणारा मूळ आवाज कसा आहे ते रंगाने दाखवतो. हा चौकोन मला त्या दिवशी माहीत असता तर पुढची फजिती टळली असती.

माझी फजिती, दोन दिवसांची

काकांचा फोन आल्यावर मी रेकॉर्डिंग उघडून ऐकलं. खरंच फाटलेलं होतं. मीटर आरतीभर लालमध्ये होता, मी कॅमेऱ्याकडे बघण्यात गुंतले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या आरतीला मी हुशारी केली. ओबीएसमधला माइकचा फेडर खाली ओढला. बार लालमधून पिवळ्यात आला. साउंडवाल्या दादांना विचारलं, तर ते म्हणाले, "ताई, माझ्याकडे एकदम क्लीन आहे."

आरतीनंतर पुन्हा बदलापूरहून फोन. "आज पण तसंच. फक्त खर्र खर्र जरा हळू होतं."

दादा खोटं बोलत नव्हते. त्यांच्या मिक्सरवर सगळं स्वच्छच होतं. गडबड अशी होती: मिक्सरची मेन आउटपुटची वायर मी थेट लॅपटॉपच्या हेडफोन-माइकच्या भोकात लावली होती. मिक्सरमधून 'लाइन लेव्हल' सिग्नल येतो, साधारण एक तृतीयांश व्होल्टपासून सव्वा व्होल्टपर्यंत. लॅपटॉपचं ते भोक 'माइक लेव्हल'साठी असतं, म्हणजे काही मिलिव्होल्ट. फरक शंभर पटींच्या आसपास. रस्त्याखालच्या मेन लाइनचं पाणी थेट घरातल्या नळाला जोडल्यासारखं झालं. त्यात भर म्हणजे विंडोजमध्ये 'मायक्रोफोन बूस्ट' +२० डीबीवर होता.

म्हणजे आवाज लॅपटॉपमध्ये शिरतानाच कापला जात होता. ओबीएसचा फेडर त्याच्या नंतर येतो. मी फेडर खाली घेतला तेव्हा कापलेली लहर छोटी झाली, एवढंच. बार पिवळा, आवाज फाटलेलाच.

हे ओळखायची एक सोपी खूण आहे. समोरचा माणूस हळू बोलला काय किंवा ओरडला काय, बार एका ठरावीक जागेपर्यंत जाऊन तिथेच अडकत असेल, तर समजा की आवाज आधीच कुठेतरी छताला लागलाय. ती जागा −१० असली तरीही. स्वच्छ आवाजाचा बार कधीच एका जागी चिकटून राहत नाही, तो सारखा वर-खाली होतो.

यावरचा उपाय फेडर नाही, गेन आहे. गेन म्हणजे आवाज आत शिरताना त्याला किती मोठा करायचा ते ठरवणारं बटण. ते मिक्सर किंवा इंटरफेसवर असतं, लॅपटॉपमध्ये माइक थेट लावला असेल तर विंडोजच्या साउंड सेटिंगमधला इनपुट व्हॉल्यूम. फेडर म्हणजे आत आलेल्या आवाजापैकी पुढे किती पाठवायचा ते. आधी गेन, मग फेडर. हा क्रम उलटा केला की माझ्यासारखं होतं. आणि मिक्सर जोडायचाच असेल, तर लाइन इनपुट असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या किंवा यूएसबी आउटपुट असलेला मिक्सर. दोन्ही नसेल तर सिग्नल कमी करणारी अटेन्युएटर केबल लावा.

गेन लावायचा 'मोरया'वर

माइक टेस्ट म्हटलं की सगळे "हॅलो, चेक, वन टू थ्री" करतात. प्रत्यक्ष कार्यक्रमात कुणी वन टू थ्री म्हणत नाही.

आरतीचंच बघा. सुरुवातीला एकच माणूस सूर लावतो. मग सगळे येतात, टाळ, झांजा, ढोलकी. मंत्रपुष्पांजलीला सगळं शांत. आणि शेवटी जोरात "गणपती बाप्पा मोरया!" सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठा आवाज यांच्यात प्रचंड अंतर. गेमिंग स्ट्रीममध्ये हाच 'मोरया' म्हणजे तुम्ही जिंकल्यावर मारलेली आरोळी. पॉडकास्टमध्ये पाहुण्याचं खळखळून हसणं. लेव्हल लावायची ती या क्षणासाठी. मी आता असं करते:

१. विंडोजमधला मायक्रोफोन बूस्ट शून्य. ओबीएसमधला फेडर ० डीबीवर, म्हणजे पूर्ण वर. आता जे दिसेल ते खरं दिसेल.

२. सगळ्यांना सांगते, एकदा पूर्ण जोरात "मोरया" म्हणा, झांजांसकट. मीटरवरची ती थांबणारी रेघ −१२ च्या आसपास राहील असा गेन लावते. −१२ का? कारण तालमीत माणसं लाजतात. खऱ्या आरतीत तीच माणसं आणखी ६ डीबी मोठ्याने ओरडतात. तरी −६ लाच पोचतील, छत लांब राहील.

३. मग मंत्रपुष्पांजली. बार −३० च्याही खाली गेला तर माइक जवळ आणते, लगेच गेन वाढवत नाही. माइक जवळ आणला की आवाज वाढतो आणि आजूबाजूचा गोंगाट तेवढाच राहतो. गेन वाढवला की दोन्ही वाढतात.

४. मिक्सरवर 'लो कट' बटण असेल तर बोलण्याच्या आणि गाण्याच्या माइकला ते दाबते. ढोलाचा खोल ठोका मीटरची बरीच जागा खातो, पण फोनच्या छोट्या स्पीकरमधून तो जवळजवळ ऐकूच येत नाही. ऐकू न येणाऱ्या गोष्टीसाठी हेडरूम कशाला घालवायची?

५. सगळ्यात शेवटी ओबीएसमध्ये माइकला 'लिमिटर' फिल्टर. ओबीएस तो −६ डीबीवर लावून देतं, म्हणजे आवाज त्यापुढे गेला की तो दाबला जातो. पण लिमिटर हा अपघात झालाच तर कामी येणारा हेल्मेट आहे. आत शिरताना फाटलेला आवाज तोही शिवून देत नाही.

हेडफोन कुठे लावायचा?

मीटर लेव्हल सांगतो, आवाज कसा आहे ते सांगत नाही. माइकची वायर सैल असेल, वारा घुसत असेल, चुकीचा माइक चालू असेल, तरी बार मस्त पिवळ्यात नाचतो. म्हणून कान हवाच. प्रश्न एवढाच की कान कुठल्या थांब्यावर लावायचा. तीन जागा आहेत आणि तिन्ही वेगळं सांगतात.

मिक्सर किंवा इंटरफेसवर ऐकलं की आवाज अजिबात उशीर न होता येतो. बोलणाऱ्याने किंवा गाणाऱ्याने स्वतःचा आवाज इथूनच ऐकावा. पण इथे ऐकून फक्त इथपर्यंतचंच कळतं.

ओबीएसमध्ये ऐकायचं असेल तर 'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन त्या माइकसाठी 'मॉनिटर अँड आउटपुट' निवडा. आता लॅपटॉपच्या आत पोचलेला आवाज तुमच्या कानात येईल. तो किंचित उशिरा येतो, त्यामुळे स्वतः बोलताना तो ऐकलात तर जीभ अडखळते. तो ऐकणारा माणूस वेगळा असेल तर उत्तम.

तिसरी जागा म्हणजे खुद्द यूट्यूब. दुसऱ्या फोनवर, शक्यतो मोबाइल डेटावर, हेडफोन लावून तुमचंच लाइव्ह उघडा. हे काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत मागे असतं, म्हणून लगेच काही सुधारता येत नाही. पण लोकांना नेमकं काय ऐकू जातंय हे फक्त इथेच कळतं. फोनला हेडफोन लावायला विसरू नका, नाहीतर त्याचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरेल.

अजून एक. हेडफोनचा व्हॉल्यूम आणि स्ट्रीमची लेव्हल यांचा काही संबंध नाही. हेडफोन फुल्ल ठेवलात तर सगळंच मोठं वाटतं आणि तुम्ही विनाकारण गेन कमी करता. सुरुवातीला हेडफोनचा व्हॉल्यूम एकदा ठरवा आणि मग त्याला हात लावू नका. किती मोठं हे मीटरला विचारायचं, कसं वाटतंय हे कानाला.

मीटर ठीक, तरी तक्रार? हे तपासा

• बार हलतोय, तुम्हाला ऐकू येतंय, पण लोक म्हणतात आवाजच नाही: बहुतेक चुकून 'मॉनिटर ओन्ली' निवडलंय. त्यात आवाज फक्त तुमच्या कानात जातो, स्ट्रीमवर जात नाही.

• काल हलत होता, आज बार मेलाय: ओबीएसमध्ये माइक 'डीफॉल्ट' ठेवला असेल. मध्येच ब्लूटूथ हेडफोन जोडला की विंडोज कधीकधी त्यालाच डीफॉल्ट माइक करतं. माइक नेहमी नावाने निवडा. आणि लाइव्हच्या वेळी ब्लूटूथऐवजी वायरचा हेडफोन वापरा. ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की त्याचा आवाज फोन कॉलसारखा होतो.

• दोन पट्ट्यांपैकी एकच हलतेय: ऐकणाऱ्याला एकाच कानात आवाज जातोय. ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये त्या माइकपुढे 'मोनो'वर टिक करा.

• आवाज दोनदा येतोय: ज्या हेडफोनवर तुम्ही मॉनिटर करताय, त्याचाच आवाज 'डेस्कटॉप ऑडिओ' म्हणून पुन्हा स्ट्रीममध्ये जातोय. मॉनिटरिंगसाठी वेगळं डिव्हाइस निवडा किंवा गरज नसेल तर डेस्कटॉप ऑडिओ म्यूट करा.

• मध्येच गाण्याचा आवाज एकदम खाली जातो: विंडोजला कॉल चालू झालाय असं वाटलं की ते बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करतं. जुन्या साउंड पॅनेलमध्ये 'कम्युनिकेशन्स' टॅबवर जाऊन 'डू नथिंग' निवडा.

मंडपातला डेसिबल आणि मीटरचा डेसिबल

गणपतीत हा गोंधळ हमखास होतो. फोनवरचं साउंड मीटर ॲप ९० डेसिबल दाखवतं, ओबीएस −१२ दाखवतं. मग खरं कोण?

दोघंही. फोनचं ॲप हवेतला आवाज मोजायचा प्रयत्न करतं. तिथे शून्य म्हणजे माणसाला जेमतेम ऐकू येणारा आवाज, म्हणून आकडे अधिक असतात. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम याच डेसिबलबद्दल आहेत: रहिवासी भागात दिवसा ५५, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५. सुमैरा अब्दुलाली यांचं आवाज फाउंडेशन सणांच्या दिवसांत मुंबईत जे आकडे मोजतं, तेही हेच. ओबीएसमध्ये मात्र शून्य म्हणजे छत, म्हणून आकडे उणे. एकात जमिनीपासून वर मोजतात, दुसऱ्यात छतापासून खाली.

याचा अर्थ असाही की लाइव्ह दमदार वाटावं म्हणून मंडपातले स्पीकर वाढवायची गरज नसते. स्पीकर हळू ठेवून, माइक तोंडाजवळ धरून, गेन नीट लावला तर बदलापूरला आरती खणखणीत पोचते आणि समोरच्या इमारतीतलं बाळही झोपून राहतं.

पॉडकास्ट असेल तर: पीक नाही, लाउडनेस

आतापर्यंत आपण पीक, म्हणजे क्षणभराचं टोक बघितलं. पण दोन क्लिप्सचं टोक सारखं असूनही एक मोठी आणि एक हळू वाटू शकते. टाळी वाजली की टोक उंच जातं, पण ती क्षणात संपते. सतत बोलणारा माणूस कमी टोकावरही मोठा वाटतो. रेडिओवाल्यांना ही अडचण जुनी आहे. अमेरिकेत १९३९ च्या सुमारास त्यासाठी व्हीयू मीटर ठरवला गेला. त्याची सुई मुद्दाम थोडी संथ, कानासारखी चालते. ओबीएसच्या बारवर सरकणारी काळी खूण त्याच घराण्यातली.

आजचं एकक आहे लफ्स, म्हणजे कानाला सरासरी किती मोठं वाटतं त्याचं माप. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये त्याची पद्धत ठरवली. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला सगळं −१४ लफ्सवर वाजवतं, यूट्यूबही साधारण तिथेच. ॲपल पॉडकास्टची शिफारस −१६ च्या आसपास, टोक −१ च्या खाली.

म्हणून मोठ्या आवाजाच्या शर्यतीत पडू नका. तुम्ही आवाज −८ पर्यंत ठोकून भरलात तर यूट्यूब तो खाली आणेल आणि हातात फक्त चेपलेला आवाज उरेल. कम्प्युटरवर यूट्यूब व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. तिथे 'कंटेंट लाउडनेस' दिसतो. आकडा अधिक असेल तर तुमचा आवाज खाली आणलाय. मोठा उणे असेल तर तुमचं रेकॉर्डिंग हळू आहे.

रेकॉर्ड करताना लफ्सचा विचारही करू नका. प्रत्येक माणसाला वेगळा माइक, प्रत्येकाची टोकं −१२ ते −६ मध्ये, आणि शक्य असेल तर प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा. आजोबा हळू बोलतात आणि नातू ओरडतो, एकाच माइकवर दोघांना बसवलंत तर पुढे कुणालाच वेगळं करता येत नाही. एडिटिंग झाल्यावर ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' उघडा, −१६ लिहा, झालं.

लॅपटॉप नाही, फक्त फोन आहे?

फोनवरून थेट लाइव्ह करताना बहुतेक ॲपमध्ये मीटर नसतोच. फोन स्वतःच आवाज कमी-जास्त करत असतो. इथे तुमच्या हातात एकच गोष्ट आहे, अंतर. फोन स्पीकरच्या खांबासमोर ठेवू नका. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डीबीने कमी होतो. आधी अर्धा मिनिट सगळ्यात मोठा भाग रेकॉर्ड करा, हेडफोन लावून ऐका, फाटत असेल तर चार पावलं मागे या. साधा कॉलर माइकही फोनच्या माइकपेक्षा बरा, पण तो गायकाच्या अंगावर हवा, ढोलावर नाही.

शेवटचं

२०२० चं ते रेकॉर्डिंग अजून माझ्याकडे आहे. ऑडॅसिटीमध्ये 'क्लिप फिक्स' नावाचा इफेक्ट आहे, तो लावून बघितला. तो कापलेल्या टेकडीचा माथा कसा असेल याचा अंदाज बांधतो. थोडंसं क्लिप झालं असेल तर बरं वाटतं. पण आख्खी आरतीच कापली गेली असेल तर अंदाज बांधायला काही शिल्लकच नसतं. त्या वर्षी गॅलरीगॅलरीतून आलेले आवाज आता पुन्हा तसे एकत्र येणार नाहीत, आणि ते माझ्याकडे आहेत ते असे खरखरत.

१० सप्टेंबर २०२१ ला पुन्हा चतुर्थी आली. या वेळी मी आदल्या रात्री साउंडवाल्या दादांना थांबवून घेतलं, लाइन इनपुट असलेला इंटरफेस जोडला, गॅलरीतल्या सगळ्यांकडून एकदा "मोरया" ओरडून घेतलं. दुसऱ्या फोनवर लाइव्ह ऐकायला माझ्या धाकट्या भावाला जिन्याखाली बसवलं.

आरती झाल्यावर बदलापूरचा फोन आलाच.

"सगळं ऐकू आलं. त्या झांजवाल्या पोराला सांग, ताल सोडतोय."